काचेच्या नळ्या, तोट्या आणि डिफ्युझर घरच्या घरी स्वच्छ करताना

वाळा_आणि_मरवा (कोथरूड)

नमस्कार मंडळी,

अत्तरं आणि सुगंधी तेलांच्या धाग्यांवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: काचेच्या डिफ्युझरची नळी तुंबली, काच पिवळी पडली, काय करू? उत्तरं इकडेतिकडे विखुरलेली आहेत आणि त्यातली काही मला सरळ धोक्याची वाटतात. म्हणून वेगळा धागा काढते आहे. काचेची वाकडी नळी, तोंडाला लावायची तोटी, काचेची स्ट्रॉ, अत्तराची निमुळती कुपी, या सगळ्यांचे प्रश्न इथेच विचारा.

आमच्याकडचा डिफ्युझर पाणी न घालता चालणारा आहे. खाली छोटा हवेचा पंप आणि वर काचेचा फुगा. फुग्यात केसासारखी बारीक नळी असते. तिच्या तोंडावरून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो, तेल वर ओढलं जातं आणि त्याचे सूक्ष्म तुषार होतात. उष्णता अजिबात लागत नाही. अडचण एवढीच की या नळीत तेलाचा एक पातळ थर राहिला, तरी तो हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होत जातो. वाळा, चंदन, पॅचौली ही मुळातच जड तेलं. संत्रं-लिंबाची तेलं पातळ असली तरी जुनी झाली की चिकट होतात आणि तो चिकटा काहींच्या त्वचेला सोसत नाही. धुताना हातमोजे घातलेले बरे.

माझं पहिलं सांगणं असं, की हात लावण्याआधी काच उजेडात धरा आणि घाण कोणत्या जातीची आहे ते ठरवा. पिवळा-तपकिरी, बोटाला चिकटणारा, वास येणारा थर म्हणजे तेल किंवा राळ. तो पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटमध्ये (या धाग्यात स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल) विरघळतो. पांढरा, कोरडा, नखाला खरखरीत लागणारा थर म्हणजे पाण्यातला क्षार. त्याला स्पिरिटने काहीही होत नाही, आंबट लागतं. निम्मी मेहनत वाया जाते ती तेलावर व्हिनेगर आणि क्षारावर स्पिरिट ओतण्यात. दोन्ही थर असतील तर आधी स्पिरिट, मग साबण, मग आंबट. कारण वर तेल बसलेलं असेल तर आंबट पाणी खालच्या क्षारापर्यंत पोचतच नाही.

तेलकट थरासाठी मी हे करते. काच पंपापासून वेगळी काढायची. रबरी कडी, सिलिकॉनचं बूच, लाकडी बैठक, सगळं बाजूला. लाकूड स्पिरिटमध्ये गेलं तर पॉलिश उतरतं, डिंकाने चिकटवलेले सांधे सुटतात. मग काचेत आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून अर्धा तास ठेवायचं, अधूनमधून हलवायचं. रंग उतरला की ओतून पुन्हा ताजं घालायचं. एका मोठ्या धुण्यापेक्षा थोड्याथोड्या स्पिरिटने दोन-तीनदा धुतलेलं चांगलं. नंतर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, भरपूर खळबळून. शेवटचं पाणी आरओचं. उलटी करून रात्रभर सुकवायची. आत पाण्याचा थेंब राहिला आणि वरून तेल घातलं तर नळी नीट ओढत नाही.

बारीक तोंडात टाचणी, सुई, तार घालू नका. तिथली काच इतकी पातळ असते की टवका उडाला तर डिफ्युझर गेलाच.

टँकरग्रस्त (बाणेर)

फार गरजेचा धागा, धन्यवाद ताई. आमचा प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. काचेची कोणतीही वस्तू धुऊन ठेवली की सकाळी पांढरे डाग. सासऱ्यांसाठी वाफ घ्यायचं काचेचं भांडं आणलंय, त्याच्या नळीत तर पापुद्रेच निघतात. पेठेत माहेरी हाच साबण वापरून काच लखलखीत असते.

वाळा_आणि_मरवा

पेठांत खडकवासल्याचं पाणी येतं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत साठलेलं हे पावसाचंच पाणी. ते खडकात फार मुरलेलं नसतं, त्यामुळे तसं मऊ. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं. ते आटलं की मागे राहतो तो कॅल्शियम कार्बोनेट.

वाण्याकडे लिंबूसत्व मिळतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा. भांडं त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे दिसतील, तो कार्बन डायॉक्साइड. बुडबुडे थांबले की धुवा. व्हिनेगरही चालतं, त्यात साधारण चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असतं; पण वास मागे राहतो आणि वाफ घ्यायच्या भांड्यात तो कोणाला हवा? सासऱ्यांच्या भांड्यात रोज आरओचं पाणी वापरलंत तर थर धरणारच नाही. आणि वाफ घेऊन झाली की उरलेलं पाणी लगेच ओतून टाका. भांड्यातच गार होऊन आटलं तर तेच क्षार काचेवर बसतात.

चिमटा_आणि_ब्युरेट (पाषाण)

आयुष्य प्रयोगशाळेत गेलं, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

काच स्वच्छ झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. साध्या पाण्याने ओली करा आणि उभी धरा. पाण्याचा पातळ, अखंड पडदा सर्वत्र पसरला तर काच स्वच्छ. पडदा जागोजागी फाटला, थेंब वेगवेगळे उभे राहिले तर तिथे अजून तेल आहे. ब्युरेट आणि पिपेट या द्रव मोजायच्या काचनळ्या धुताना विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्यांदा हेच शिकवायचो. घरच्या डिफ्युझरलाही हीच परीक्षा लावा.

दुसरं काचेबद्दल. साध्या खिडकीच्या किंवा बाटलीच्या काचेपेक्षा बोरोसिलिकेट काच तापल्यावर सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते. आकड्यात सांगायचं तर दर अंशाला दहा लाखात ३.३ भाग, साधी काच ९ च्या आसपास. ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ही काच विकसित केली. म्हणून ती गरम पाणी सहज सोसते. पण सोसते याचा अर्थ काहीही करा असा नाही. जिथे आधीच बारीक ओरखडा आहे तिथून ती तडकतेच. आणि तुमच्या हातातली काच बोरोसिलिकेटच आहे याची खात्री फक्त खोक्यावरच्या छापील शब्दावरून होत नाही. त्यामुळे गरम काच गार पाण्याखाली धरायची नाही, हा नियम सगळ्याच काचेला.

तिसरं, कुणी जुन्या पद्धतीचं क्रोमिक ॲसिड सुचवलं तर कृपया ऐकू नका. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. कॉस्टिक सोडा किंवा नाल्यात टाकायची पावडर वापरून काच उकळायचा सल्लाही वाचला आहे. तीव्र अल्कली काचेलाच खाते. मग जो धुरकटपणा येतो तो कशानेही जात नाही, कारण तो थर नसतो, काचेचा पृष्ठभागच खरवडलेला असतो.

टँकरग्रस्त

काका, हे वाचून एक शंका आली. आमच्या काही पेल्यांवरचा पांढुरकेपणा लिंबूसत्वाने गेलाच नाही. डिशवॉशरमध्ये धुतलेले आहेत. ते तेच का?

चिमटा_आणि_ब्युरेट

बहुधा तेच. डिशवॉशरची पावडर अल्कलाइन असते, वर उष्णता. ओलं केल्यावर काच पारदर्शक दिसते आणि सुकल्यावर पुन्हा धुरकट, तर ती खरवडली गेली असं धरा. दुसरी शक्यता सिलिकाची. बेसाल्टमधल्या पाण्यात तोही विरघळलेला असतो आणि त्याचा थर सायट्रिक ॲसिडला बधत नाही. डिफ्युझर आणि बारीक नळ्या हातानेच धुवा.

कालव्याकाठचा (आइंडहोवन, मूळ सहकारनगर)

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे २००३ पासून औषधी कॅनाबिस (गांजा) डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळतं आणि ते जाळून ओढण्याऐवजी व्हेपोरायझरमध्ये तापवून घ्यायला सांगतात. घरात एका व्यक्तीला जुन्या दुखण्यासाठी ते चालू आहे. काळजी घेणारा मी, त्यामुळे साफसफाई माझ्याकडे. काचेची सरळ नळी, तिच्या टोकाला काचेचीच तोटी. थोड्याच दिवसांत आत तपकिरी राळ जमते, श्वास ओढायला जोर लागतो आणि चव कडवट होते. डिफ्युझरचीच रीत इथे चालेल का? तोंडाला लावायची वस्तू असल्याने धास्ती वाटते.

संपादक_मंडळ

धाग्यात भारतातले वाचक जास्त आहेत म्हणून एक खुलासा. भारतात २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. या कायद्याची व्याख्या रुंद आहे: निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याचे तुषार तयार करणारी उपकरणं तिच्यात येतात. त्यामुळे अशी उपकरणं कुठून मागवावी यावर इथे चर्चा नको. काच धुण्याबद्दल जरूर बोला.

वाळा_आणि_मरवा

कालव्याकाठचा, रीत तीच, फक्त दोन गोष्टी जास्तीच्या.

राळ घट्ट असेल तर स्पिरिटमध्ये जाडं मीठ घाला. नळीची दोन्ही टोकं बुचाने बंद करा आणि हलवा. मीठ काचेपेक्षा बरंच मऊ असतं, त्यामुळे ओरखडे न पाडता राळ घासून काढतं. तिकडे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल मिळत असेल तर तेच घ्या. त्यात मीठ जवळजवळ विरघळत नाही, म्हणून घासण्याचं काम करतं. ७० टक्क्यांत पाणी असतं, मीठ विरघळत जातं आणि राळही सावकाश सुटते. नळीला जाळी असेल तर ती आधी काढून वेगळी भिजवा. वापर झाल्यावर काच अजून कोमट असतानाच कापसाची काडी फिरवलीत तर ही वेळ फार उशिरा येईल. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकी, तापलेल्या काचेवर स्पिरिट अजिबात नाही.

तोटीसाठी वेगळा विचार. राळ सुटली म्हणजे जंतू गेले असं नाही. राळ काढायला जास्त टक्क्यांचं अल्कोहोल चांगलं, पण जंतू मारायला ७० टक्क्यांचं, कारण प्रथिनं मोडायला त्याला पाण्याची साथ लागते. म्हणून आधी ९९ ने राळ काढा, साबणाने धुवा, मग ७० टक्क्यांनी पुसा, आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. स्पिरिटचा वास येत असेल तर वस्तू तयार नाही, पुन्हा गरम पाण्याने धुवून सुकवा. रोजच्या रोज मात्र नुसता साबण आणि गरम पाणी पुरतं. तोटी एकाची एकालाच ठेवा. सर्दी, फ्लू, क्षय हे सगळे असेच जवळिकीने पसरतात.

बंबातली_राख (सदाशिव पेठ)

एवढं स्पिरिट वगैरे लागतं का हो? आमची आजी कंदिलाच्या काचा राखेने घासायची, आरशासारख्या निघायच्या. मी बाटल्यांना रांगोळी वापरते. आणि निमुळत्या तोंडाच्या कुपीत मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून खळखळवायचं, तळ स्वच्छ.

चिमटा_आणि_ब्युरेट

ताई, तांदळाची युक्ती उत्तम, मी स्वतः सुचवतो. दाणे कोपऱ्यात पोचतात आणि काचेला इजा करत नाहीत. अगदी पातळ काचेच्या डिफ्युझरमध्ये मात्र तेही नको.

राखेचंही खरं आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते काजळीबरोबरचं तेल सोडवतं. कंदिलाच्या रुंद काचेला चालून जातं. रांगोळीबद्दल सावध राहा. काही रांगोळी शिरगोळ्याची असते, काहीत वाळूची भुकटी मिसळलेली असते. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, तो काचेहून कठीण. डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात, पुढच्या वेळी राळ तिथेच घट्ट धरते आणि काच तडकायलाही तीच जागा निवडते.

एसएमडी_दुरुस्ती (नारायण पेठ)

आयसोप्रोपिल कुठे मिळतं असं दोघांनी निरोपातून विचारलं म्हणून इथे लिहितो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, जिथे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात, तिथे सर्किट बोर्ड पुसायला आम्ही हेच घेतो. लेबलवर टक्केवारी आणि शुद्धता बघून घ्या. सुटं, बिनलेबलाचं नको. ‘थिनर’ म्हणून मिळतं ते वेगळं, ते अजिबात नाही.

हॅंड सॅनिटायझर चालेल का, हाही प्रश्न होता. नाही. कोविडच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेचं जे सूत्र सगळीकडे वापरलं गेलं त्यात हाताची त्वचा सुकू नये म्हणून ग्लिसरीन असतं. जेलमध्ये घट्टपणासाठी आणखी काही घातलेलं असतं. अल्कोहोल उडून जातं आणि हे सगळं नळीत राहतं.

ब्रशसाठी बोहरी आळीत बाटल्यांचे ब्रश सगळ्या मापांत मिळतात. अगदी बारीक नळीला औषधाच्या दुकानात मिळणारा दातांच्या फटींचा ब्रश बरोबर बसतो, मात्र मधल्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला घ्या. अप्पा बळवंत चौकात शाळेच्या हस्तकलेसाठी ज्या केसाळ तारा मिळतात त्यांचे धागे आत सुटून राहतात, त्या नकोत.

चिमटा_आणि_ब्युरेट

थिनरच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल मिसळलेलं असू शकतं. ते त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जातं आणि डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. तोंडाला किंवा श्वासाला जवळ असणाऱ्या काचेला ते लावूच नये.

पाण्याचा_बंब (भवानी पेठ)

आगीशी माझा नोकरीतून संबंध आला आहे, म्हणून हे वाचून लिहायलाच हवं. आयसोप्रोपिलची वाफ १२ अंशांनाच पेट घेण्याइतकी तयार होते. पुण्यात हिवाळ्यातल्या थंड पहाटा सोडल्या तर बाराही महिने आपण त्याच्या वरच आहोत. वाफ हवेपेक्षा जड असते. ती ओट्यावरून खाली उतरते, फरशीवरून सरकत जाते आणि पलीकडच्या ज्योतीपाशी पोचते. स्वयंपाकघरात शेगडी, पुष्कळ घरांत शेजारीच देवघर, तिथे निरांजन किंवा समई. काम गॅलरीत करा, खिडक्या उघडून, निरांजन शांत झाल्यावर.

स्पिरिट लवकर काम करावं म्हणून गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं म्हणजे घरात आग लावणं आहे. ऊब हवीशी वाटली तरी बंद बाटली गरम पाण्याच्या भांड्यातही ठेवू नका, आत दाब वाढतो. सरळ जास्त वेळ भिजवा. वेळाने जे होतं त्याला आच कशाला हवी.

आणि काच गॅसच्या ज्योतीवर धरून राळ ‘जाळून’ काढायची पद्धतही सोडा. आत थोडं स्पिरिट राहिलं असेल तर भडका उडतो, नसेल तर राळेचा कोळसा होऊन काचेला कायमचा चिकटतो.

वाळा_आणि_मरवा

दादा, मनापासून आभार. एक विचारते. बऱ्याच डिफ्युझरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की काचेत थोडं अल्कोहोल घालून यंत्र काही मिनिटं चालवा, नळी आपोआप साफ होते. मी ते कधीच करत नाही.

पाण्याचा_बंब

करू नका हेच मीही सांगेन. ज्वलनशील द्रवाचे तुषार खोलीत सोडायचे आणि शेजारी विजेवर चालणारा पंप. काच काढून भिजवणं जमत असताना हा धोका कशासाठी?

एसएमडी_दुरुस्ती

मी थोडा वेगळं मत देतो. काही यंत्रांची काच निघतच नाही, त्यांना दुसरा उपाय नाही. मोकळ्या गॅलरीत, अगदी थोडं अल्कोहोल घालून, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसताना माहितीपत्रकात दिलंय तेवढंच चालवावं. पण काच निघत असेल तर दादांचंच बरोबर.

नातवंड_नंबर_एक (हडपसर)

आजीला दम्यासाठी नेब्युलायझर आहे. त्याची तोटी प्लास्टिकची आहे. तीही अशीच स्पिरिटमध्ये ठेवू का?

चिमटा_आणि_ब्युरेट

थांबा. प्लास्टिकला काचेचे नियम लावू नका, काही प्लास्टिक स्पिरिटने तडकतं. प्रत्येक वापरानंतर औषधाची वाटी आणि तोटी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळा, झटकून स्वच्छ कापडावर हवेत सुकवा. ओल राहिली की जंतू तिथेच वाढतात आणि थेट फुप्फुसात जातात. निर्जंतुक कसं करायचं, उकळता येतं की नाही, हे त्या यंत्राच्या माहितीपत्रकातच बघा. यंत्राला जोडलेली लांब हवेची नळी पाण्यात बुडवायची नाही. आजीच्या डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या.

टँकरग्रस्त

लिंबूसत्वाने वाफेचं भांडं एकदम साफ झालं! नळीतले पापुद्रे आपोआप गळून पडले. आता वरच्या टाकीच्या गाळणीवर लागलेला थर काढायला न्हाणीघरातलं ॲसिड वापरावं असं आमचे प्लंबर म्हणतात. भांड्यालाही तेच चालेल का?

वाळा_आणि_मरवा

भांड्याला नको, श्वासाशी संबंध आहे. आणि एक इशारा सगळ्यांनाच: न्हाणीघरातलं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. ब्लीच आणि स्पिरिट एकत्र आले तर क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगं तयार होतात. एक द्रव पूर्ण धुऊन काढल्याशिवाय दुसरा वापरू नका, आणि मोरीत एकापाठोपाठ ओतूही नका.

कालव्याकाठचा

९९ टक्के आणि जाडं मीठ वापरून नळी साफ झाली. काकांची पाण्याच्या पडद्याची परीक्षाही घेतली, तोटीच्या मुळाशी पडदा फाटत होता. तिथे पुन्हा भिजवली, आता अखंड उतरतो. श्वास ओढायचा जोर एकदम कमी झाला असं घरातून सांगणं आलं. वापरलेलं तपकिरी स्पिरिट फेकून द्यायचं का?

वाळा_आणि_मरवा

किती छान! फेकू नका. कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा. पुढच्या वेळी पहिलं भिजवणं त्याच्यात, शेवटचं ताज्यात. अगदी काळं झालं की तुमच्या गावी रासायनिक कचरा घेण्याची सोय असेल तिथे द्या.

बंबातली_राख

माझ्या अत्तराच्या कुपीचा खालचा बारीक भाग तांदळानेही जात नाही. ब्रश शिरत नाही. गुलाबाचं जुनं अत्तर वाळून बसलंय.

वाळा_आणि_मरवा

औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आणा. तिच्या टोकाला बारीक रबरी नळी बसवा, स्पिरिट भरा आणि कुपीच्या तळाशी सोडा. तसंच आत ठेवा, थोड्या वेळाने ओढून घ्या, पुन्हा ताजं सोडा. जोराने दाबू नका, डोळ्यांवर चश्मा असू द्या. डिफ्युझरच्या बारीक नळीलाही हेच, तिथे टाचणीऐवजी सिरिंज. वाळलेलं अत्तर आधी नुसतं मऊ पडतं, मग तुकड्यांनी सुटतं. रात्रभर ठेवावं लागलं तरी ठेवा, कुपीचं तोंड झाकून.